पाणकोळीचे कंदील

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचं तोंड सताड उघडं होतं आणि त्याला ते मिटता येत नव्हतं.

समोरचा एक दात अर्धा तुटलेला. ओठ मागे ओढून धरणारी प्लास्टिकची कडी तोंडात, दोन्ही गालांत कापसाचे बोळे. माणूस देखणा आहे की कसा, हे कळायला काही वावच नव्हता. डोळे तेवढे मोकळे होते. आणि ते डोळे... जाऊ दे, ती कामाला आली होती.

तिचं काम दात बनवण्याचं. दोन गल्ल्या पलीकडच्या लॅबमध्ये ती चिनी मातीच्या कॅपा घडवायची, भट्टीत भाजायची, रंगवायची. पुढचा दात असला की डॉक्टरीणबाई तिला बोलावून घ्यायच्या, कारण शेजारच्या दाताशी हुबेहूब रंग जुळवावा तर तो तिनेच. घरात तिला सगळे ठिणगी म्हणत. आईने शेजारच्या बाळाला कडेवर घेतलं म्हणून तिसऱ्या वर्षी तिने जो काही गोंधळ घातला, त्या दिवशी वडिलांनी हे नाव ठेवलं, आणि ते बदलावं असं पुढेही तिच्या वागण्यातून कुणाला कधी वाटलं नाही.

रंगांच्या पट्टीतला एकेक नमुना ती त्याच्या दाताशी धरून बघत होती. इतक्या जवळून, की त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. आणि मग निवेदिका म्हणाली, "'सातवं बंदर' ही लोकप्रिय चित्रपटमालिका मूळ संस्थेसकट एका बड्या स्टुडिओने विकत घेतली आहे."

ठिणगीचा हात हवेतच थांबला.

"आंगअ उअआ," खुर्चीतला माणूस म्हणाला.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाई धावल्या.

"दुखत नाहीये त्यांना," ठिणगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "ते 'नांगर उचला' म्हणतायत."

खुर्चीतल्या माणसाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू परक्या गावात कुणीतरी घरच्या नावाने हाक मारली असावी. मग त्याने जोरजोरात मान हलवली. हो, तेच.

'सातवं बंदर' म्हणजे पाच चित्रपट. 'पाणकोळी' नावाचं एक जुनाट जहाज, त्याचा कमी बोलणारा कप्तान, आणि कुठल्याच नकाशावर नसलेल्या बंदराचा शोध. दोघी मायलेकींनी आपल्या लहानशा संस्थेतून ते काढले होते. जहाजं खरी, हाताने बनवलेली, टाकीतल्या पाण्यात सोडलेली. संकट आलं की कप्तान म्हणायचा, "नांगर उचला." चाहते एकमेकांना खलाशी म्हणत.

कडी निघाल्यावर त्याने आधी जबडा चोळला आणि मग विचारलं, "तुम्ही खलाशी?"

"अकरा वर्षांची असल्यापासून."

"मग आनंद झाला असेल. आता सहावा भाग येणार."

"आनंद?" ती पट्टी डबीत ठेवत म्हणाली. "अहो, घरचं मांजर सर्कशीला विकलं तर आनंद होतो का कुणाला?"

"मांजराला पोटभर खायला तर मिळेल."

"हा दात कसा तुटला तुमचा?"

"गोंदाच्या ट्यूबचं झाकण... दाताने उघडत होतो."

"वाटलंच मला. पुढचा विचार करायची सवय नाही."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत कागद पुढे ओढला. "व्यवसाय काय लिहू?"

"मॉडेल," तो म्हणाला. दोघी त्याच्या अर्ध्या दाताकडे पाहत राहिल्या. "करतो," तो घाईने म्हणाला. "म्हणजे—बनवतो. इमारतींची मॉडेलं. बिल्डर लोकांसाठी."

त्या दिवसापासून ठिणगीच्या डोक्यात तो मॉडेलवालाच झाला.

तिला राग यायचं कारण जुनं होतं. अकराव्या वर्षी तिला गालगुंड झालं होतं. बरी होत आली तरी घरात कोंडून कंटाळलेली. शेवटी आई तिला दुपारच्या खेळाला घेऊन गेली, कारण तो चित्रपट बघायला कुणी येत नाही असं तिने ऐकलं होतं आणि रिकाम्या थिएटरात पोरीपासून कुणाला बाधा होणार नव्हती. सुजलेल्या गालांवर रुमाल बांधून ठिणगीने 'सातवं बंदर'चा पहिला भाग पाहिला. मोठा पडदा, अंधार, आणि ती. चित्रपट आपल्या एकटीसाठीच काढलाय, ही समजूत तेव्हा जी बसली ती बसली. पुढे लाखो लोकांनी तो पाहिला, त्यांना तिने मोठ्या मनाने माफ केलं होतं. पण आता जाहिरातींचे फलक लागणार, डब्यांवर, चादरींवर कप्तान येणार, आणि काल जन्मलेली पोरंटोरं 'नांगर उचला' म्हणत हिंडणार. परक्या बाईने आपल्या घरात येऊन कपाटं उघडावीत तसं तिला झालं.

रविवारी खलाशांची बैठक होती. लॉंड्रीच्या वरच्या खोलीत, तांडेलांकडे. तांडेल म्हणजे लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळ्यांत जुने चाहते. खालून इस्त्रीची वाफ, वर चहा आणि वादावादी. एका प्राध्यापकाने मालिकेचा मृत्युलेख लिहून आणला होता आणि तो वाचताना तो स्वतःच रडू लागला. एका नर्सबाईंनी त्याला सरळ सांगितलं, की रडू नकोस, ज्या मायलेकींनी आयुष्य घातलं त्यांना म्हातारपणी चार सुखाचे दिवस आले तर तुझं काय जातं. तांडेल दोन्ही बाजूंना मान डोलावत होते. "मला एवढंच कळतं," ते म्हणाले, "पाचव्या भागात कप्तान धुक्यात गेला तो बाहेर आला की नाही, हे न कळता मला मरायचं नाही."

ठिणगी सगळ्यांत तावातावाने बोलत होती. इथे तिचा शब्द चालायचा. कुठल्या भागात कुठला दोरखंड कुठे तुटला, हे तिला विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. तेवढ्यात दारात मॉडेलवाला उभा; बैठकीचा पत्ता त्याने शोधून काढला होता. तात्पुरता दात बसवलेला, बगलेत खोकं.

खोक्यातून त्याने पाणकोळी काढली.

हातभर लांब, डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत जशीच्या तशी. मृत्युलेखवाला प्राध्यापक गुडघ्यांवर बसला. तांडेलांनी चष्मा पुसला. "आणि एक बघा," मॉडेलवाला लाजत म्हणाला, "मागच्या बाजूची ही खिडकी. पाचही भागांत हिच्यात उजेड आहे. तिथे कोण राहतं, ते कधीच दाखवलेलं नाही."

सगळ्यांनी ठिणगीकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं, इतक्या वेळा पाहून... तिला माहीत नव्हतं.

तिला जे वाटलं त्याला प्रेम कुणी म्हणणार नाही. पहिल्यांदा ती त्याच्यावर जळाली ती अशी. ती उठली, जहाजाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "कंदील मेलेले आहेत."

"काय?"

"डेकवरचे कंदील. प्लास्टिकचे आहेत ना? खऱ्या पाणकोळीचे कंदील दुधासारखे दिसतात, कडेला किंचित निळे. हे बटणांसारखे दिसतायत."

तो खाली वाकून कंदिलांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "खरंय," तो म्हणाला. "मला जमत नव्हते ते. तुम्ही कराल?"

ज्याच्याशी भांडायचं त्यानेच असं काही म्हटलं की पंचाईत होते.

ती कंदील करू लागली. लॅबमधलं काम आटोपलं की उरलेल्या चिनी मातीचे तांदळाएवढे कंदील घडवायचे, भट्टीच्या शेवटच्या फेरीत भाजायचे, डबीत कापसावर ठेवून त्याच्या कारखान्यात न्यायचे. कारखाना म्हणजे एका गॅरेजच्या मागची लांबट खोली. टेबलावर अर्धवट उभे टॉवर, बोटाएवढी माणसं, डबीत भरलेली झाडं. तो चिमट्याने कंदील तारेवर बसवायचा, ती श्वास रोखून बघायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"हात थरथरतोय तुझा," ती म्हणायची. "कप्तानाचा हात कधी थरथरला नसता."

"कप्तानाच्या शेजारी कुणी इतकं जवळ उभं राहत नाही," तो म्हणायचा.

तिचा कान लाल व्हायचा. ती कंदिलाकडे बघायची.

त्यातच स्टुडिओने जाहीर केलं, की सहाव्या भागातली सगळी जहाजं संगणकावर बनतील. खलाशांत आगडोंब उसळला. ठिणगीने एका बैठकीत निवेदन लिहून काढलं: 'पाणकोळी हातानेच बनली पाहिजे, नाहीतर आम्ही थिएटरची पायरी चढणार नाही.' ते इतकं झणझणीत होतं की महिन्याभरात ते कुठल्या कुठे पोचलं. हजारोंनी सह्या केल्या. वर्तमानपत्रांत आलं. आणि बड्या स्टुडिओने चक्क माघार घेतली. जहाज हातानेच बनेल, चाहत्यांमधल्या कारागिरांनाही संधी देऊ, आमची प्रतिनिधी सगळ्यांना भेटायला येईल, असं त्यांनी कळवलं.

लॉंड्रीच्या वर त्या दिवशी पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. ठिणगी मध्ये बसून सगळ्यांचं कौतुक घेत होती. आपण कुणासाठी दार उघडलंय, याची तिला कल्पना नव्हती.

प्रतिनिधी आली. सुती साडी, आखूड केस, आवाज असा की ऐकत राहावं. ठिणगीने तिचा तिरस्कार करायची जय्यत तयारी ठेवली होती, पण बाईने ती संधीच दिली नाही. तिने प्राध्यापकाचा मृत्युलेख शेवटपर्यंत ऐकला. तांडेलांच्या गुडघ्याची चौकशी केली. ठिणगीला म्हणाली, "ते निवेदन तुमचं ना? आमच्याकडे ते भिंतीवर लावलंय. साहेबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही." आणि मॉडेलवाल्याच्या कारखान्यात शिरताच पाणकोळीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "अरे, तुम्ही ती खिडकीसुद्धा केलीत."

तिला खिडकी माहीत होती.

वाईट असती तर बरं झालं असतं, ठिणगीला वाटलं. वाईट माणसाशी भांडता येतं.

मग ती बाई वरचेवर येऊ लागली. मॉडेलवाल्याच्या मुलाखती, फोटो. एका फोटोत ती दोघं जहाजावर वाकलेली, तिचं बोट डोलकाठीवर, त्याची नजर तिच्याकडे. खालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी लिहिलं होतं, 'काय जोडी आहे.' त्याला चारशे लोकांनी पसंती दिली होती. ठिणगीने दिवसभर तो आकडा वाढताना पाहिला.

त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी दोन कॅपा परत पाठवल्या. "पेशंट चाळिशीचा आहे गं," त्या फोनवर म्हणाल्या, "दात सत्तरीचे केलेस."

घरी वहिनीने भाजीचा पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. वहिनी म्हणजे दादाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा वर्षभर ठिणगीने तिचं जिणं हराम केलं होतं, आणि आता दोघींचं एकमेकींवाचून चालत नसे.

"कोण आहे?" वहिनीने विचारलं.

"कोण कुठे?"

"मी घरात आले तेव्हा दोन महिने भाजी अशीच खारट होत होती. तू कुणावर तरी जळतेयस."

"माझा राग स्टुडिओवर आहे. सगळं गिळायला निघालेत. आधी चित्रपट घेतला, आता माणसं..."

"माणसं की माणूस?"

ठिणगी पाण्याचा पेला उचलून बराच वेळ पीत राहिली.

"त्याला सांगितलंस?" वहिनी म्हणाली.

"काय सांगू? की फोटोत तिच्याकडे बघू नकोस म्हणून? मी कोण त्याची?"

"तेच विचार ना मग त्याला. माझ्याशी भांडलीस तेव्हा बरी जीभ चालत होती."

पण तिने विचारलं नाही. दोन दिवस कारखान्यात गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी तांडेलांनी फोनवर आनंदाने सांगितलं, की मॉडेलवाल्याची पाणकोळी शनिवारी स्टुडिओत चाललीये. तिथल्या जहाजखात्याच्या प्रमुखाला दाखवायला. पसंत पडली तर त्याला तिथेच नोकरी. गाडी घेऊन ती बाईच येणार आहे. "तुला माहीत असेलच म्हणा," तांडेल म्हणाले.

तिला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी ती कारखान्यात शिरली. तो जहाजासाठी पेटीत फोमचे तुकडे बसवत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा चेहरा बघून पुन्हा विझला.

"दोनदा येऊन गेलो लॅबमध्ये," तो म्हणाला. "कामात आहे म्हणून सांगितलं त्यांनी."

"चिमटा कुठाय?"

"कशाला?"

"माझे कंदील मला परत हवेत."

मग त्याने खणातून चिमटा काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

तिने पहिला कंदील उपटला. टक्... दुसरा, तिसरा. डबीतल्या कापसावर एकेक ठेवत गेली. तो समोर बसून बघत होता. अडवेल, ओरडेल असं तिला वाटलं होतं; ओरडला असता तर तिलाही ओरडता आलं असतं. त्याऐवजी त्याने दिवा जवळ ओढला, तिला नीट दिसावं म्हणून.

"डोलकाठीमागचा राहिला," तो हळूच म्हणाला.

तिचा हात थांबला. "तू मला काही बोलत का नाहीस?"

"तुझे आहेत ते."

"तू मला विचारलं नाहीस. सगळ्या जगाला माहीत, मला तांडेलांकडून कळतं. मी इथे पाच महिने डोळे फोडून घेतले ते काय त्या बाईने बोट ठेवून फोटो काढावेत म्हणून? आणि ती... ती इतकी चांगली आहे की मला तिला धड शिव्याही घालता येत नाहीत." तिने चिमटा टेबलावर आपटला. "मी जळते. ऐकलंस? लहानपणापासून जळते. आईच्या कडेवरच्या बाळावर जळले, वहिनीवर जळले, चित्रपटापायी जळले. तुझ्यावरही जळले होते त्या खिडकीपायी. पण असं... असं कधी झालं नव्हतं. रात्री डोळा लागत नाही. हे तुला सांगायला मला लाज वाटतेय, आणि तू दिवा धरून बसलायस."

त्याने दिवा बाजूला सारला. मग म्हणाला, "तुला आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं. पण का सांगितलं नाही ते ऐक. तिने नोकरीचं काढल्यावर मला पहिली भीती वाटली, की तू म्हणशील, जा. एकदम सहज, कप्तानासारखी. की नांगर उचला." त्याने मान खाली घातली. "तू एकटीच जळतेस असं समजू नकोस. मी पाच महिने त्या कप्तानावर जळतोय. त्याचा हात थरथरत नाही, तो कमी बोलतो, त्याला समुद्र कळतो. खोटा माणूस आहे तो... चिनी मातीचाही नाही. आणि मी रोज त्याच्याशी हरतो. कधीकधी वाटतं, सहाव्या भागात तो धुक्यातून बाहेर नाही आला तर बरं."

"तांडेलांना सांगू का हे?"

"नको. बोलणं टाकतील."

तिला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत साठलेलं खाली आलं. तिने ते बाहीने पुसलं.

"मी फोन करून नाही म्हणतो," तो म्हणाला. "जहाज जाणार नाही. मीही नाही."

हेच तर ऐकायला ती आली होती. आता ऐकलं, आणि तिने त्या बोडक्या डेककडे पाहिलं. त्याच्या टेबलावरच्या टॉवरांकडे पाहिलं—कुणा बिल्डरचे, एकसारखे, खिडक्याच खिडक्या. पाणकोळीवर काम करताना त्याचा चेहरा कसा असतो हे तिच्याइतकं जगात कुणी जवळून पाहिलं नव्हतं. ही एक गोष्ट तरी तिची एकटीची होती.

"नाही म्हणालास तर," ती सावकाश म्हणाली, "आयुष्यभर मला वाटेल की मी तुला डबीत घालून ठेवलं. गाडी कधी येणार आहे?"

"तासाभरात."

"गोंद काढ. आणि झाकण दाताने उघडू नकोस."

दोघं शेजारी बसली. ती कंदील उचलून द्यायची, तो बसवायचा. खांद्याला खांदा लागत होता आणि कुणीच सरकत नव्हतं.

"जा म्हणतेस," तो कंदिलावरची नजर न हलवता म्हणाला, "पण मी तुझा कोण, ते नाही सांगितलंस."

"तू सांग आधी."

"मला तू हवीस," तो म्हणाला. "जळणारी, भांडणारी, अशीच. तिथे असेन तेव्हाही, इथे येईन तेव्हाही."

"आणि मला तू," ती म्हणाली. "कुणाशी वाटून न घेता." त्याचा हात थरथरला. या वेळी तिने कप्तानाचं नाव काढलं नाही. आपला हात त्याच्या हाताखाली धरला, आणि कंदील बसला.

शेवटचे दोनतीन ओले असतानाच प्रतिनिधी आली. दारातच थबकली. गोंदाने माखलेली दोघांची बोटं, ठिणगीचे रडून लाल झालेले डोळे, त्याचं लपता न लपणारं हसू—तिने सगळं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ठिणगीने ते ओळखलं, कारण ते तिच्या घरचंच होतं.

"आधी विचारायला हवं होतं मी," बाई त्याला म्हणाली, "की कुणी आहे का म्हणून. आता विचारायची गरज दिसत नाही." मग नेहमीच्या गोड आवाजात, "कंदील कुणी केले, हे प्रमुख नक्की विचारतील. तुम्हीही चला ना."

ठिणगीला पहिल्यांदाच तिची कीव आली, आणि थोडी माया. तरी मायेपायी वेडेपणा करायची तिची तयारी नव्हती.

पेटी मागे नीट बांधून झाली. पुढे चालकाच्या शेजारी कुणी बसण्यासारखं नव्हतं, तिथे बाईचं सामान होतं. मागच्या बाकावर तिघांची जागा. मॉडेलवाला एका खिडकीशी बसला, बाई दुसऱ्या दाराने चढू लागली. ठिणगी तिच्याआधी आत शिरली.

"तुम्ही खिडकीपाशी बसा," बाई म्हणाली. "रस्ता लांबचा आहे. मध्ये अवघडेल तुम्हाला."

"नाही हो," ठिणगी बाकाच्या बरोबर मधोमध ऐसपैस बसत म्हणाली, "मला मध्येच बरं वाटतं."